आधी नमुना, मग बैठक

वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं मिळून काही नवं करायला जातात तेव्हा गाडी नेमकी कुठे अडते, याबद्दल बडोद्यातून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत. उत्तरं कारखानदारी, हस्तकला, बौद्धिक संपदा आणि सार्वजनिक संस्था या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं पत्राकामाचं युनिट आहे. रुग्णालयांच्या ट्रॉल्या, लॉकर, कपाटं करतो. किती वर्षं तेच ते करायचं, म्हणून डिझाइन शिकणाऱ्या दोन मुलांना सहा आठवड्यांसाठी घेतलं. ड्रॉइंग बघून सगळे खूश. पहिला नग काढला तर ट्रे चौकटीत जाईना, दोन भोकं लंबगोल झालेली, आणि पावडर कोटिंगनंतर पिना बसेनात. फोरमन म्हणतो, "साहेब, ही कागदावरची पोरं." मुलं म्हणतात, "त्यांना नवीन काही नकोच आहे." परत असं काही करावं का?
— एक कारखानदार

उत्तर : करावं. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं साधी आहेत आणि तिन्ही तुमच्या फोरमनला तोंडपाठ असणार.

ट्रे न बसण्याचं कारण बहुधा असं : मुलांनी बाहेरची मापं बेरजेला घेऊन सपाट पत्रा कापायला दिला. पत्रा वळताना बाहेरून ताणला जातो, म्हणून प्रत्येक बेंडमागे काही माप वजा करावं लागतं. १.२ मिमी पत्रा, आतली त्रिज्याही तेवढीच आणि ९० अंशांचा बेंड असेल तर ही वजावट साधारण २ मिमी येते. चार बेंडच्या ट्रेमध्ये ती केलीच नाही तर ८ मिमी जास्तीचे होतात आणि ते सगळे शेवटच्या काठावर जाऊन बसतात. भोकं लांबली ती बेंडच्या फार जवळ घेतल्यामुळे. बेंडपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान पत्र्याच्या जाडीच्या अडीचपट अधिक बेंडची त्रिज्या एवढं अंतर लागतं. तुमच्या पत्र्याला ते सव्वाचार मिमीच्या आसपास येईल, पण पाच ठेवा. पिनांचं म्हणाल तर पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि तो भोकाच्या दोन्ही बाजूंना बसतो, म्हणजे भोक ०.१२ ते ०.१६ मिमीने लहान होतं. घट्ट बसणाऱ्या पिनेला तेवढं पुष्कळ झालं. एकतर भोक तेवढं मोठं घ्या, नाहीतर कोटिंगआधी त्यात सिलिकॉनचे प्लग घाला.

आता खरा मुद्दा. हे सगळं माहीत असलेला माणूस त्याच छपराखाली होता, पण ड्रॉइंग त्याच्यापुढे आलं ते पूर्ण होऊन. अशा वेळी त्याला दोनच गोष्टी करता येतात : चुका काढणं किंवा गप्प बसून पत्रा वाया जाऊ देणं. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा.

पहिले चार दिवस संगणक बंद. मुलांना प्रेस ब्रेकवाल्याबरोबर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशिनवरच्या माणसाबरोबर, उभं करा, भंगारातले १०० मिमीचे तुकडे द्या, ते वाकवून मोजायला सांगा आणि तुमच्याच मशिनच्या, तुमच्याच डायच्या वजावटीचा तक्ता त्यांच्याकडून करून घ्या. पुस्तकातला तक्ता चालत नाही, कारण डाय बदलली की आकडा बदलतो. हा तक्ता तुमच्याकडेही बहुधा लिहिलेला नसेल, फोरमनच्या डोक्यात असेल. सहा आठवड्यांतून एवढं एकच हाती लागलं तरी पैसे वसूल.

मग वॉर्डात दोन पाळ्या नुसतं बघणं. "तुम्हाला कशी ट्रॉली हवी?" असं विचारू नका, कारण सिस्टर सौजन्याने "आहे ती बरी आहे" म्हणतील. चाकात केस आणि दोरा कुठे अडकतो, सलाइनची बाटली कुठल्या कोपऱ्याला टांगली जाते, सफाईवाला पोछा कुठून घालतो आणि कुठे तो पोचतच नाही, हे टिपायचं. त्यानंतर पाच पदरी पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा पूर्ण मापाचा नमुना. तो वॉर्डात नेऊन ठेवला की सिस्टर, वॉर्डबॉय, फोरमन सगळे बोलायला लागतात, कारण पुठ्ठ्यावर पेन चालवायला कुणाला संकोच वाटत नाही. चकचकीत थ्रीडी चित्रावर मात्र कुणी हात लावत नाही. ड्रॉइंग यानंतर करायचं आणि त्यावर मुलांबरोबर फोरमनचीही सही घ्यायची.

एक गोष्ट बहुतेक मालक विसरतात. फोरमनने मुलांसाठी दिलेले तास त्याच्या त्या आठवड्याच्या टार्गेटमधून वजा करा. नाहीतर मुलं म्हणजे त्याच्या मानेवरचं ओझं, आणि त्यात त्याचा दोष नाही.

प्रश्न : आमच्या उपक्रमाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ४० माणसं आहेत. सूचना शंभर येतात, काम होत नाही. काय करावं?
— एक कार्यकर्ती, कारेलीबाग

उत्तर : ग्रुप राहू द्या, तिथे फक्त फोटो आणि तारखा टाका. निर्णय चौघांचा, आणि त्या चौघांत प्रत्येक बाजूचा एक माणूस. आठवड्यातून एकदा ठरलेलं पाच ओळींत ग्रुपवर लिहा : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती पैसे, काय राहिलं. गुजराती बोलणारे सभासद असतील तर त्याच पाच ओळी गुजरातीतही लिहा. "समजतं सगळ्यांना" म्हणून टाळू नका. गप्पांपुरतं समजतं, हिशेबाच्या वेळी समजत नाही.

प्रश्न : मी इंटीरियरची कामं करते. संखेड्याच्या एका कारागिराबरोबर लाखकामाचं कॉफी टेबल आणि त्यावर बसणारा चौकोनी ट्रे करायचा विचार आहे. स्केचेस मी दिली. ते "थई जशे" (होऊन जाईल) म्हणाले, पण तीन महिने काही होत नाही. दुसरं, स्केचेस मी इन्स्टाग्रामवर टाकली आहेत. पुढे डिझाइन कुणाचं म्हणायचं? नोंदणी करावी का?
— एक डिझायनर, अलकापुरी

उत्तर : उशीर का होतोय ते तुमच्या स्केचमध्येच दिसतं. संखेड्याचं लाखकाम खरादावर, म्हणजे लाकूड गोल फिरत असताना होतं. सागवानाचा दांडा फिरतो, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याच्या पानाने ती घोटतात. कथिलाची नक्षी कुंचल्याने काढतात, अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणतात आणि वरून पारदर्शक लाखेचा हात आला की तीच रुपेरी नक्षी सोनेरी दिसायला लागते. या सगळ्यात वस्तू फिरणं गृहीत आहे. तुमचा चौकोनी सपाट ट्रे खरादावर फिरणार कसा? कारागीर नाही म्हणत नाही, कारण गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची त्याला सवय नसते. त्याला "जमेल का?" असं विचारूच नका. "याच्या सगळ्यात जवळचं असं आधी काय केलंय, ते दाखवाल का?" असं विचारा. वस्तू समोर आली की काय जमतं आणि काय नाही, ते कुणी न बोलताही कळतं.

बदल अगदी लहानही पुरतो. ट्रे गोल करा, म्हणजे कड खरादावर निघेल. किंवा तळ साध्या पॉलिशचा ठेवा आणि चार बाजूंना लाखकामाचे गोल दांडे घ्या. आणखी एक. टेबलावर गरम कप येणार, आणि हल्ली कुणीतरी सॅनिटायझर शिंपडणारही. लाख उष्णतेने मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये चक्क विरघळते. तेव्हा वरचा शेवटचा हात लाखेचा आहे की पीयू-मेलामाइन या कृत्रिम पॉलिशचा, हे आधीच ठरवा आणि नमुन्यावर गरम कप दहा मिनिटं ठेवून बघा. कप ठेवायची जागा साध्या लाकडाची किंवा काचेची केली तर प्रश्नच मिटतो.

नमुन्याची मजुरी वेगळी आणि आगाऊ द्या. "ऑर्डर आली की देऊ" म्हटलं की कारागीर तुमचं काम सगळ्यात शेवटी हातात घेणार. त्याने घेऊ नये तरी का? त्याच दिवसात त्याला झोपाळ्याची पक्की ऑर्डर करता येते.

आता हक्क. डिझाइन अधिनियम, २००० खाली वस्तूच्या दिसण्याची नोंदणी होते. संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षांनी वाढवता येतं. अट अशी की डिझाइन नवं हवं आणि अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणजे प्रसिद्ध करणंच. तेव्हा त्या स्केचेसमधला आकार नोंदणीसाठी बहुधा गेला. पण खरादाला जमेल असा नवा आकार तुम्ही दोघं मिळून काढाल, तो अर्ज होईपर्यंत कुठेही टाकू नका. वेलबुट्टी परंपरेची आहे, तिच्यावर हक्क सांगता येणार नाही आणि सांगूही नये. अर्ज दोघांच्या नावे करता येतो. आकार खरोखर दोघांनी घडवला असेल तर तसाच करा.

"कॉपीराइट तर आपोआप मिळतोच" असं पुष्कळांना वाटतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदता येण्यासारखं डिझाइन नोंदलं नाही आणि त्याच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासच्या वर निघाल्या, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. एक मध्यम हॉटेल एकाच खेपेला तेवढी स्टुलं मागवतं.

नावाचंही बघा. संखेडा फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे. उद्या हीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात करून घेतलीत तर तिला संखेड्याचं नाव लावता येणार नाही. एका पानाचा करार करा, गुजरातीत : नमुन्याचे पैसे, नगामागे मजुरी, नगामागे डिझाइनचा वाटा, इतर गिऱ्हाइकांना तोच आकार विकायचा की नाही आणि किती महिन्यांनी, आणि लेबलवर कारागिराचं नाव. शेवटची बाब फुकट आहे, तरी तीच बहुतेक वेळा राहून जाते.

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनीअर. माझा एक डॉक्टर मित्र आणि मी मिळून पेशंटच्या हाताच्या व्यायामाचं एक उपकरण करतोय. मैत्री जुनी आहे, कागद करायचा संकोच वाटतो.
— एक वाचक, गोत्री

उत्तर : कागद नाही केलात तर कायद्याने तो तुमच्यासाठी करून ठेवलेलाच आहे आणि तो तुम्हाला आवडणार नाही. पेटंट दोघांच्या नावे असेल आणि वेगळा करार नसेल, तर दोघांचा वाटा समान आणि अविभक्त धरला जातो. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला हिशेब न देता ते स्वतः वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही की आपला वाटा विकू शकत नाही. म्हणजे उद्या एखादी कंपनी तयार झाली आणि तुमच्यापैकी एकजण परदेशी आहे, रुसलाय किंवा नुसता ईमेल बघत नाही, तर सगळं जागच्या जागी. करारात त्यामुळे आधी हेच लिहा : परवान्याचा निर्णय कोण घेणार, आणि एकजण तीस दिवस गप्प राहिला तर काय.

दुसरं, डॉक्टरांना परिषदेत पेपर वाचायची घाई असते. त्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायला मग १२ महिने मिळतात. डॉक्टर रुग्णालयाचे पगारी असतील किंवा तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर त्या संस्थेचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण आधी वाचा. संस्थाही वाटा मागू शकते. आणि रुग्णाच्या हाताला ते लावण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी. "आमच्याच ओपीडीत, दोघातिघांवर" हे चालत नाही.

तांत्रिक कामात एकच सुचवतो. डॉक्टर म्हणतील, "ग्रिप सुधारली पाहिजे." तुम्ही ते न्यूटनमध्ये, अंशांमध्ये, मिनिटांत लिहून काढा आणि त्यांना दाखवा. त्या कागदावर वाद झाला तर उत्तम. तोच वाद पीसीबी (सर्किट बोर्ड) छापून झाल्यावर महागात पडतो.

प्रश्न : क्षेत्रांच्या सीमा ओलांडा, मिळून नवं घडवा, हे सगळं व्यवस्थापनाच्या वर्गातलं वाटतं. आपल्या गावात खरंच असं कधी काही झालंय का?
— एक निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : गुरुजी, बडोद्यात बसून हा प्रश्न!

१८९० मध्ये सुरू झालेलं कलाभवन घ्या. सयाजीराव महाराजांनी ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम एका संस्थेत, आणि शिकवणं देशी भाषांत. दादासाहेब फाळके तिथे शिकले. चित्रकला, छायाचित्रण आणि यंत्र हे तिन्ही हाताळलेला माणूस पुढे सिनेमा काढतो, यात नवल नाही.

पण आमच्या मते जास्त शिकण्यासारखं आहे ते ग्रंथालयांचं प्रकरण. महाराजांनी अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. वर्गीकरण, ग्रंथपालांचं प्रशिक्षण, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या ही विद्या त्याची. खेड्यातल्या माणसाला पुस्तक कसं द्यायचं हे मात्र त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते ठाऊक होतं मोतीभाई अमीन यांना, जे आधीपासून गावोगाव मित्रमंडळ ग्रंथालयं उभी करत होते. त्यांना ग्रंथालय खात्यात घेतलं गेलं. बोर्डन तीन वर्षांत परत गेला, चळवळ थांबली नाही. बाहेरचा तज्ज्ञ आणणारे पुष्कळ असतात. त्याच्या शेजारी, अधिकार देऊन, गावचा जाणता माणूस बसवणारे थोडे.

पैशाची रचनाही बघा. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच भर प्रांताकडून आणि तेवढीच सरकारकडून. गावाचा पैसा आधी पडल्यामुळे ग्रंथालय गावाचं राहिलं. आणि १९१२ पासून ग्रंथालय खात्याचं जे नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. वर कारेलीबागच्या बाईंना आम्ही दोन भाषांत पाच ओळी लिहा म्हटलं, त्याला बडोद्यात अशी जुनी चाल आहे.

स्वातंत्र्यानंतरचं पाहायचं तर १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा उघडली. पहिले डीन मार्कंड भट्ट, चित्रकलेला इंदूरचे बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधरी, थोड्याच दिवसांत केरळातून आलेले सुब्रमण्यन. चार प्रांतांची, चार वळणांची माणसं, आणि एकाच आवारात चित्र, शिल्प, कुंभारकाम, छपाई. १९६१ पासून तिथे कला मेळा भरू लागला. विद्यार्थ्यांसाठी निधी उभारायला शिक्षक आणि विद्यार्थी मिळून विकायच्या वस्तू करत. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकाराने त्यासाठी खेळणी घडवली. बैठकांच्या इतिवृत्तांपेक्षा अशा कामात विभागांमधल्या भिंती लवकर पडतात, कारण मेळ्याची तारीख पुढे जात नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मराठी, गुजराती, सिंधी, दोन मल्याळी घरं. गणपतीची सजावट सगळ्यांनी मिळून करायची, ललित कलेची काही मुलं मदतीला घ्यायची आणि मूर्ती शाडूची आणायची असं ठरतं. दरवर्षी जुलैत भांडण होऊन शेवटी डेकोरेटरला बोलावतो. यंदा तडीस न्यायचंय.
— मंडळाचे चिटणीस, मांजलपूर

उत्तर : जुलैत भांडण होतं कारण जुलैत सुरुवात होते. मूर्ती तुमच्यासमोर घडवून घ्यायची असेल तर मातीचं काम मे-जूनमध्ये व्हायला हवं. पावसाळी हवेत शाडू वाळत नाही, वरून कोरडी दिसते आणि रंग दिल्यावर तडकते. तडे जातात ते जाड आणि पातळ भाग एकाच वेगाने वाळत नाहीत म्हणून. मूर्ती आतून पोकळ आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवायची, मातीत कागदाचा लगदा किंवा काथ्या मिसळायचा, वाळवायची सावलीत. उन्हात ठेवली की घाईने तडा. दोन फुटांच्या वर जाऊ नका. शाडू जड असते आणि उचलताना मूर्तीच्या हातांचे सांधे निखळतात.

सजावटीसाठी सगळ्यांची बैठक बोलावू नका. आधी तीन मर्यादा लेखी द्या : जागेचं माप, एकूण रक्कम आणि "थर्माकोल नाही". त्यात बसणारं मॉडेल १:१० मापात ज्याला करायचंय त्याने करावं. मंडप १२ फुटांचा असेल तर मॉडेल सव्वा फुटाहून थोडं कमी, म्हणजे टीपॉयवर मावतं. बोलून केलेली सूचना मोजायची नाही, मॉडेल असेल तरच. सूचना करणारे वीस असतील तर मॉडेल तिघेचौघेच आणतात, आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं अशी एखादी आठवीतली मुलगी त्यांत हमखास असते. मॉडेलं आठवडाभर लिफ्टजवळ ठेवा, लोकांना चिठ्ठ्या चिकटवू द्या. मग कलेच्या मुलांकडून त्यांतलं एक निवडून घ्या, ते इतर मॉडेलांतलं काय उचलता येईल तेही सांगतील.

या मुलांना फुकट राबवू नका. मानधन आणि साहित्याचा खर्च वेगळा धरा, आणि त्यांच्या परीक्षेच्या तारखा आधी विचारा. बांबूचा सांगाडा मात्र मंडपवाल्याकडूनच बांधून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरच्या वाऱ्यापावसात सुतळीची गाठ कुठे मारायची, हे त्याला कळतं. मॉडेल बघायलाही त्याला बोलवा, कारण पुठ्ठ्यात उभं राहणारं सगळं बांबूत उभं राहत नाही.

ज्या घरांना मातीत किंवा बांबूत हात घालायचा नाही त्यांच्यासाठी कामं लिहून ठेवा : विजेची माळ, प्रसादाचा क्रम, रोजची स्वच्छता, निर्माल्याचं खत. मल्याळी घरांना पूकळम घालायला सांगा. ओणम बहुतेक वर्षी याच दिवसांच्या आसपास येतो आणि फुलांची रांगोळी त्यांच्या हातची असते. विसर्जन सोसायटीतच टाकीत केलंत तर शाडूचा गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून तो वाळवून ठेवा, पुढल्या मे महिन्यात चाळून, काड्या आणि रंगाचे पोपडे काढून मुलांच्या सरावाला देता येतो. हिशेब विसर्जनानंतर आठ दिवसांच्या आत लिफ्टजवळ लावा, उरलेल्या बांबूंची संख्या आणि ते कुणाच्या गच्चीवर ठेवलेत, त्यासकट.